जुन्या चौकोनी मॉनिटरला मोबाइल जोडण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संगणक बदलल्यावर मागे राहिलेला जुना चौकोनी मॉनिटर मोबाइलला जोडून वापरता येईल का, असे आमचे ग्राहक वारंवार विचारतात. बहुतेक वेळा तो वापरता येतो. मात्र या प्रश्नाहूनही अधिक वेळा आमच्यासमोर येतो तो पुढचा प्रसंग: ग्राहक कुठून तरी केबल घेतात, दोन्ही टोके व्यवस्थित बसवतात, पडद्यावर 'नो सिग्नल' एवढेच दिसते आणि मॉनिटर बिघडला आहे असे समजून ते तो उचलून आमच्याकडे आणतात. मॉनिटर क्वचितच बिघडलेला असतो. हे पत्रक मुख्यतः ती फेरी वाचावी म्हणून काढले आहे.

पिन बसली म्हणजे जोडणी झाली, असा समज या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे. आजच्या बहुतेक मोबाइलच्या तळाशी जे लंबगोल पोर्ट असते, त्याला आपण टाइप-सी म्हणतो; पण टाइप-सी हे केवळ पोर्टच्या आकाराचे नाव आहे. चार्जिंग आणि फाइलींची देवाणघेवाण त्यातून सर्वच मोबाइलमध्ये होते. चित्र बाहेर पाठवण्याची सोय मात्र स्वतंत्र असून तिला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड' म्हणतात. ही पद्धत २०१४ मध्ये जाहीर झाली आणि ती मोबाइलमध्ये द्यायची की नाही, हे प्रत्येक उत्पादक प्रत्येक मॉडेलपुरते ठरवतो. ज्या मोबाइलमध्ये ती नाही, त्याला टाइप-सी ते एचडीएमआय (टीव्ही आणि नव्या मॉनिटरांची चित्र-आवाजाची जोडणी) अडॅप्टर लावल्यास तो अगदी नीट बसतो आणि काहीही दाखवत नाही. अशा वेळी सेटिंग्जमध्ये तासभर शोधाशोध करण्यात किंवा एखादे ॲप उतरवून पाहण्यात अर्थ नसतो, कारण चित्राचे सिग्नल त्या पोर्टपर्यंत नेणारे सर्किटच आत बसवलेले नसते. महागडा अडॅप्टर घेतल्यानेही यात फरक पडत नाही.

आपल्या मोबाइलमध्ये ही सोय आहे का, हे पाहण्यासाठी उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधावा. तिथे केवळ 'यूएसबी २.०' लिहिलेले असेल, तर सोय नाही असे बहुधा समजावे. याला ठळक अपवाद आयफोन १५ चा आहे: त्याच्या पोर्टचा वेग यूएसबी २ चाच असूनही त्यातून चित्र बाहेर जाते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतील मुख्य मॉडेलांत २०१७ च्या एस८ पासून ही सोय आहे, तर अनेक उत्पादकांच्या कमी किमतीच्या मालिकांमध्ये ती नसते. गूगलच्या पिक्सेल ८ मध्ये ती २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अपडेटने सुरू झाली, आणि त्यामुळे 'माझ्याही मोबाइलला अपडेट येईल' अशी आशा काही ग्राहक बाळगतात. परंतु त्या मोबाइलमध्ये सर्किट आधीपासून होते, ते फक्त बंद ठेवलेले होते. म्हणूनच अडॅप्टर मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी मॉडेलचे नेमके नाव विचारतो. त्याच कंपनीच्या जवळपास सारख्याच नावाच्या दोन मोबाइलमध्ये हा फरक असू शकतो, त्यामुळे 'कंपनी अमुक आहे' एवढ्या माहितीवर आम्ही वस्तू देत नाही. काही ग्राहकांना ही चौकशी अनावश्यक वाटते, याची आम्हाला कल्पना आहे.

सोय नसलेल्या अँड्रॉइड मोबाइलसाठी 'डिस्प्लेलिंक' प्रकारचा अडॅप्टर हा एक मार्ग आहे. तो मोबाइलच्या पडद्यावरील दृश्य एका ॲपमार्फत साध्या यूएसबी डेटाच्या रूपाने घेतो आणि त्याचे चित्र स्वतः तयार करतो. कागदपत्रे वाचणे, तक्ते पाहणे, वर्गात स्लाइड दाखवणे यांसाठी तो पुरेसा आहे. वेगवान खेळांसाठी आम्ही त्याची शिफारस करत नाही. लायटनिंग पोर्ट असलेल्या जुन्या आयफोनसाठी ॲपलचे स्वतंत्र अडॅप्टर असतात आणि त्यांतील एक प्रकार थेट व्हीजीएचा आहे.

आता मॉनिटरकडे वळू. चौकोनी मॉनिटरच्या मागे निळ्या रंगाचे, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेले सॉकेट जवळजवळ नेहमीच असते. ते व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही पद्धत ॲनालॉग आहे, तर मोबाइलमधून निघणारे सिग्नल डिजिटल असतात. या दोहोंमध्ये रूपांतर करणारी चिप लागते; ती आत असलेल्या जोडणीला कन्व्हर्टर म्हणतात. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली, आत कोणतीही चिप नसलेली साधी केबल बाजारात मिळते आणि ती मोबाइलच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. शिवाय कन्व्हर्टरला दिशा असते. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर वेगळा आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा वेगळा. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण एकाचे काम दुसरा करत नाही. नव्या टीव्हीला जुना संगणक जोडण्यासाठी कधीकाळी घेतलेला कन्व्हर्टर इथे चालणार नाही, तो याच कारणाने.

मॉनिटरच्या मागे निळ्या सॉकेटशेजारी पांढरे, रुंद डीव्हीआय सॉकेट दिसले, तर काम बरेच सोपे होते. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांतील चित्राचे डिजिटल सिग्नल एकाच जातीचे असल्याने तिथे चिप लागत नाही, साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल पुरते आणि अक्षरेही व्हीजीएपेक्षा रेखीव दिसतात. आम्ही मॉनिटरच्या मागील बाजूचा फोटो मागतो तो यासाठीच. ग्राहक आमच्याकडे कन्व्हर्टर घ्यायला येतात आणि त्याहून साधी केबल घेऊन जातात, असे अनेकदा घडते, आणि त्यात आम्हाला वावगे वाटत नाही.

सर्व जोडणी योग्य असूनही 'आउट ऑफ रेंज' असा संदेश आला किंवा चेहरे उभे ताणलेले दिसले, तर कारण आकारमानात असते. सतरा आणि एकोणीस इंची चौकोनी मॉनिटरचे रिझोल्यूशन (पडद्यावरील बिंदूंची आडवी × उभी संख्या) बहुधा १२८० × १०२४ असते, पंधरा इंचीचे १०२४ × ७६८. मॉनिटर ही माहिती केबलमधील ठरावीक तारांवरून समोरच्या उपकरणाला कळवतो, आणि अगदी स्वस्त किंवा पिन वाकलेल्या व्हीजीए केबलमध्ये नेमका तोच संवाद तुटतो. मग मोबाइल अंदाजाने काहीतरी पाठवतो. केबल बदलल्यावर पुष्कळदा प्रश्न सुटतो. (व्हीजीए प्लगमध्ये मधल्या ओळीतील नववी पिन अनेकदा मुळातच नसते, तो बिघाड नव्हे. ती तुटली म्हणून केबल परत करायला येणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले आहे.)

काळ्या पट्ट्यांविषयीही आधीच सांगितलेले बरे. वीसास नऊ प्रमाणाचा मोबाइल उभा धरला, तर १२८० × १०२४ च्या पडद्यावर त्याचे चित्र रुंदीच्या सुमारे ३६ टक्के जागा व्यापते आणि दोन्ही बाजू काळ्या राहतात. मोबाइल आडवा केल्यास चित्र पूर्ण रुंदी घेते, पण उंची सुमारे ५६ टक्केच भरते. हा दोष अडॅप्टरचा नसून दोन पडद्यांच्या घडणीचा आहे. संगणकासारखा स्वतंत्र डेस्कटॉप उघडणाऱ्या मोबाइलमध्ये, उदाहरणार्थ सॅमसंगच्या डेक्समध्ये, बाहेरच्या पडद्यावर मोबाइलची उभी प्रतिमा उमटवण्याऐवजी वेगळी मांडणी तयार होते आणि चौकोनी मॉनिटर अशा लेखन-वाचनाच्या कामाला आजही चांगला आहे.

व्हीजीएमधून आवाज जात नाही. ज्या कन्व्हर्टरला हेडफोनसारखे छिद्र असते त्याला स्पीकर जोडावा, किंवा ब्लूटूथ स्पीकर वापरावा. सशुल्क चित्रपटांची ॲप्स या जोडणीवर अनेकदा काळा पडदा दाखवतात, कारण त्यांना अपेक्षित असलेले कॉपी-संरक्षण व्हीजीएमध्ये नसते. ते टाळण्याचा उपाय आम्ही विकत नाही आणि सांगतही नाही. चित्रपट पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर या मॉनिटरवर खर्च करू नये असेच आम्ही सुचवतो. जोडणी चालू असताना मोबाइलचे एकमेव पोर्ट अडकलेले असते, म्हणून दीर्घ वापरासाठी चार्जर लावण्याची जागा असलेला अडॅप्टर घ्यावा.

चित्र आले पण एका बाजूला सरकलेले किंवा थरथरते असेल, तर मॉनिटरवरील 'ऑटो' बटण एकदा दाबावे. त्या वेळी पडद्यावर कडेपर्यंत पांढरे किंवा उजळ दृश्य असावे, कारण मॉनिटर चित्राच्या कडा शोधूनच त्याची जागा ठरवतो. काळ्या पडद्यावर हे बटण दाबून 'काही होत नाही' असे म्हणणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. मॉनिटरला दोन सॉकेट असतील, तर 'सोर्स' बटणाने योग्य ते निवडले आहे ना, हेही पाहावे.

पाकीट उघडलेला अडॅप्टर 'चालत नाही' एवढ्या कारणावरून आम्ही परत घेत नाही, ही आमची अट कडक वाटू शकते. त्याच्या बदल्यात आम्ही प्रत्येक अडॅप्टर विकण्यापूर्वी ग्राहकाच्याच मोबाइलवर, आमच्या टेबलावर ठेवलेल्या चौकोनी मॉनिटरला जोडून दाखवतो आणि चित्र दिसल्यावरच पैसे घेतो. त्या मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय ही दोन्ही सॉकेट आहेत. येताना मोबाइल चार्ज केलेला आणि कव्हर काढलेला असावा, कारण जाड कव्हरमुळे प्लग पूर्ण आत जात नाही. मॉनिटर आणण्याची गरज नाही. त्याच्या मागील बाजूचा स्पष्ट फोटो पुरेसा आहे.