धाव चढवलेली धमनी

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चढवायची असली, की लोहाराच्या अंगणात सकाळपासून गोवऱ्या रचल्या जायच्या. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली असायची. निखाऱ्यात ती लालबुंद झाली की तिघे जण सांडशींनी उचलून चाकावर ठेवायचे. घणाचे ठोके पडायचे, लाकडातून धूर निघायचा आणि लगेच पाण्याच्या बादल्या. निवताना लोखंड आवळायचं आणि आरे तुंब्यात घट्ट रुतून बसायचे. आमचे आबा चाक हलवून बघायचे आणि म्हणायचे, "धाव ढिली ऱ्हायनी ते चाक बोलस."

ते चाक नंतर गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवलं, त्यावर ना गाडी ना कापसाचं ओझं, तरी आतलं लाकूड दाबलेलंच असतं आणि बाहेरचं लोखंड ताणलेलंच. बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बाहेरचं सगळं ओझं काढून घेतल्यावरही वस्तूच्या पोटात उरणाऱ्या या ताणाला अवशिष्ट ताण म्हणतात. आणि ही गोष्ट मी लिहितोय ती यासाठी, की आपल्या प्रत्येकाच्या धमनीवर अशीच एक धाव चढवलेली आहे.

हे डोळ्यांनी बघता येतं. गेल्या हिवाळ्यात मी खाटकाकडून बकऱ्याच्या हृदयाला जोडलेली जाड, पांढुरकी नळी मागून आणली. ही महाधमनी, एरवी ती टाकूनच देतात. एक लिटर कोमट पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलं, नव्या ब्लेडने नळीची तीनेक मिलिमीटर रुंदीची चकती कापली आणि त्या पाण्यात सोडली. चकती म्हणजे बांगडीसारखी अखंड गोल कडी. आत रक्त नाही, दाब नाही, ती निवांत पडून आहे असंच वाटतं. मग कात्रीने कडी एका जागी छेदली. छेदल्याबरोबर तिने तोंड वासलं. अर्ध्या तासाने बघितलं तर ती घोड्याच्या नालेसारखी उघडून पडली होती. आतल्या कडेच्या मध्यावर कोनमापक ठेवून दोन्ही टोकांपर्यंत रेषा धरल्या, की मधला कोन मोजता येतो. त्याला उघडण्याचा कोन म्हणू. माझ्या कडीचा नव्वदच्या थोडा आत आला.

ती उघडली याचा अर्थ आतला थर दाबलेला होता आणि बाहेरचा ताणलेला. संधी मिळताच आतला पसरला, बाहेरचा आखडला. आपल्याकडे विहिरीवर वापरतात तो जाड काळा एचडीपीई पाईप घेऊन त्याची अशीच कडी कापली आणि छेदली, तर उलटं होतं: फट मिटते, टोकं एकमेकांवर चढायला बघतात. कारखान्यात तो पाईप बाहेरून पाण्याने थंड होतो, म्हणून त्याची बाहेरची कातडी आधी घट्ट होते आणि आतला भाग मागाहून आखडतो. त्याच्या पोटातला ताण घडणीतून नकळत राहून गेलेला असतो. धमनीतला ताण मात्र तिच्या उपयोगाचा आहे.

उपयोग कसा, ते साध्या हिशेबाने समजतं. समजा एका धमनीची आतली त्रिज्या ३ मिलिमीटर आणि बाहेरची ४. रक्ताच्या दाबाने फुगून आतली त्रिज्या ५ झाली. भिंतीचं मांस तेवढंच राहतं, लांबीही तीच धरली, तर बाहेरची त्रिज्या सुमारे ५.६६ होते. म्हणजे आतला घेर ६७ टक्के ताणला गेला आणि बाहेरचा ४१ टक्केच. त्यात धमनीची भिंत रबरासारखी साधी नाही. तिच्यात कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू असतात. हे तंतू सैल सोडलेल्या कासऱ्यासारखे: बैल जवळ असेतो त्यात जोर नसतो, तो पुढे सरला की एकदम ताठ. त्यामुळे ताणाईतला, म्हणजे कोण किती लांबलं यातला, हा फरक ताणात, म्हणजे आतल्या ओढीच्या जोरात, कितीतरी पटींनी वाढतो. नुसत्या फुगवण्याचा हिशेब केला तर सगळा भार आतल्या पातळ थरावर पडतोय असं उत्तर येतं, आणि बाहेरची भिंत जवळपास बसून खातेय असं.

आता धाव आठवा. आतला थर आधीच दाबून ठेवलेला असेल तर त्याची मोठी मजल मागूनच सुरू होते. बाहेरचा आधीच ताणलेला असल्याने तो लगेच कामाला लागतो. नेहमीच्या रक्तदाबाला पोचेपर्यंत दोघांच्या वाट्याला बऱ्यापैकी सारखा भार येतो. १९८३ मध्ये वैष्णव आणि वोसूघी या संशोधकांनी एकीकडे आणि वाय. सी. फंग यांनी दुसरीकडे, स्वतंत्रपणे, हे मांडलं. फंग मूळचे विमानांच्या पंखांचं गणित करणारे. चुओंग आणि फंग यांनी १९८६ मध्ये आकडेमोड करून दाखवलं, की हा उरलेला ताण धरला तर भिंतीतली ताणाची विषमता मोठ्या प्रमाणात ओसरते. कडी छेदल्यावर उघडते हे त्याआधीही दिसलेलं होतं. तो कापण्याचा दोष नाही, धमनीची रचनाच तशी आहे, हे मनावर घ्यायला वेळ लागला.

माणसाच्या जिवाशी याचा संबंध कुठे येतो? पोटातल्या महाधमनीला कधी कधी फुगा येतो. पुरुषांमध्ये त्याचा व्यास साडेपाच सेंटिमीटरवर गेला की साधारणपणे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पण काही फुगे त्याआधीच फुटतात आणि काही मोठे होऊनही टिकतात. म्हणून भिंतीत प्रत्यक्ष ताण किती, हे सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर काढायचे प्रयत्न चालतात. धमनीचे हजारो छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला शेजाऱ्याशी जुळवून घ्यायला लावायचं आणि दाब द्यायचा. ही फायनाइट एलिमेंट पद्धत. पूल आणि धरणं यांचाही हिशेब हीच करते.

अडचण अशी की जिवंत माणसाच्या धमनीची कडी कापता येत नाही. त्यातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली, स्कॅनमध्ये दिसते ती धमनी रक्ताने फुगलेली असते. तोच मूळ आकार समजून तिच्यात पुन्हा दाब भरला तर ती दुसऱ्यांदा फुगवली जाते. म्हणून कॉम्प्युटर एक लहान आकार अंदाजाने घेतो, फुगवतो, स्कॅनशी ताडून बघतो, जेवढा फरक पडला तेवढा मूळ आकारातून वजा करतो आणि पुन्हा फुगवतो, जुळेपर्यंत. हे काम आता बऱ्यापैकी बसलेलं आहे. पण यातून मिळते ती रिकामी, तरीही अखंड कडी. धाव अजून चाकावरच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती धाव. सरळ नळी असेल तर उघडलेल्या तुकड्यापासून सुरुवात करायची, कॉम्प्युटरमध्येच त्याची टोकं जुळवून कडी मिटवायची, मग लांबीत ओढायची आणि शेवटी दाब द्यायचा. लांबीत ओढणं विसरून चालत नाही: तरुण शरीरातून काढलेली धमनी लांबीलाही आखडते, वय वाढतं तसं हे आखडणं कमी होतं. पण फाटे फुटलेली, वाकलेली, फुगा आलेली धमनी अशी उघडून मिटवता येत नाही. तिथे मला सगळ्यात पटणारी वाट वाढीची आहे. शरीरात ही धाव कोणी चढवलेली नाही. भिंतीचे थर आपापल्या गतीने वाढत गेले आणि वाढ एकमेकांशी न जुळल्यामुळे ताण साचला. मग कॉम्प्युटरमधल्या तुकड्यांनाही तसंच वाढू द्यायचं. जिथे ताण जास्त तिथे वाढ जास्त, भार सारखा वाटला जाईपर्यंत. उंदरांच्या महाधमनीत दाब वाढवला तर काही दिवसांतच उघडण्याचा कोन बदलतो, हे लिऊ आणि फंग यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे भिंत खरोखरच स्वतःचा ताण पुन्हा मांडत असते.

या वाटेत एक गृहीत आहे: निरोगी धमनी भार सारखा वाटून घेते. आजारी फुग्याने ते पाळलंच पाहिजे असं नाही. शिवाय एका छेदाने सगळा ताण सुटत नाही. होल्झाप्फेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये माणसाच्या महाधमनीचे तीन थर सुटे केले, तेव्हा प्रत्येक थर वेगळ्या प्रकारे वळला. चाकाला एक धाव असते, इथे एकात एक तीन आहेत.

माझ्या त्या ताटलीत शेवटी पाच कड्या झाल्या, हृदयाजवळच्या कमानीपासून खाली उतरत कापलेल्या. एकाच नळीच्या, एकाच सकाळी छेदलेल्या, तरी एकीचाही कोन दुसरीसारखा नव्हता. कॉम्प्युटरच्या प्रतिकृतीत पूर्ण धमनीला एकच कोन भरणं सोपं असतं. मी वहीत पाच ओळी केल्या आणि प्रत्येक कडीपुढे तिचा स्वतःचा कोन लिहिला.