कॉलेजच्या सर्व्हरवर स्वतःचं पेज पाहिजे? फॉर्म काऊन परत येऊन राहिले ते वाचा

जुलै लागला की नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरच्या खिडकीवर एकच प्रश्न, "भाऊ, माझा फॉर्म काऊन परत आला?" दिवसातून दहादा तेच सांगून घसा बसला म्हणून लिहून टाकतो. दुसऱ्या कॉलेजात नियम थोडे वेगळे असतील, हे आमच्याकडचं आहे.

पेज मिळतं प्राध्यापकांना, पीएचडीवाल्यांना, अन् गाईडनं लिहून दिलं तर फायनल इयरवाल्यांना. पैसे लागत नाहीत. फॉर्म, आयकार्डची झेरॉक्स, हमीपत्र, बस.

अडतं ते जावक क्रमांकावर. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "जा.क्र. व दिनांक" अशी रिकामी ओळ आहे, ती कोणालाच दिसत नाही. पोरं एचओडीची सही घेऊन धावत येतात अन् खिडकीवरूनच परत जातात, कारण विभागाच्या जावक रजिस्टरमध्ये नोंद नसेल तर तो कागद आलाच नाही असं धरतात. रजिस्टर विभागाच्या बाबूकडे, अन् बाबू जागेवर सापडणं नशिबाचा भाग. गेल्या मे महिन्यात एक पोरगी तोंडाला दुपट्टा बांधून 45 डिग्रीत तीनदा आली एवढ्या एका नंबरासाठी. दोन मजल्यांमधून फिरणाऱ्या कागदाला जावक क्रमांक कशाला लागतो ते मला आजवर कोणी सांगितलं नाही, पण लागतो. तर आधी गाईडची सही, मग एचओडीची, मग जावक, अन् त्यानंतर आमच्याकडे या.

युजरनेमच्या रकान्यात ईमेल आयडी लिहू नका. लॅबमध्ये लॉगिन करताना जे टाकता ते लिहा, कारण पेजच्या वेब पत्त्यात टिल्डच्या पुढे तेच येणार आहे. टिल्ड म्हणजे ती नागमोडी रेघ, कीबोर्डवर 1 च्या डावीकडे शिफ्ट दाबून येते. बायोडाटावर तिच्याजागी साधी डॅश छापून वर "लिंक चालत नाही" म्हणणारेही भेटतात.

हमीपत्राची भाषा पोलीस स्टेशनची वाटते, मान्य. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे हॅकिंगसारखा प्रकार लक्षात आला की संस्थेला 6 तासांत कळवावं लागतं अन् लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोणी काय केलं त्याच्या नोंदी, 180 दिवस सांभाळावे लागतात, तेव्हा कोणतं पेज कोणाचं ते कागदावर असलंच पाहिजे. पेजवर जाहिराती अन् क्लासेसचा धंदा चालत नाही.

फॉर्मवरची 31 जुलै ही तारीख नव्या अर्जाची नाही हो! ती जुन्या पेजच्या नूतनीकरणाची आहे, नवा अर्ज वर्षभर घेतात. होतं काय, नवेवाले घाबरून अर्धवट फॉर्म देऊन जातात अन् ज्यांची खरंच मुदत संपून राहिली ते निवांत तर्री-पोहे खात बसतात.

मंजुरी आली की फाइलझिला किंवा विनएससीपी या फाइल चढवायच्या सॉफ्टवेअरनं लॉगिन करून पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची. फोल्डर नसेल तर स्वतः बनवा. मग "403 फॉरबिडन" दिसतं अन् लोकं पुन्हा खिडकीवर. अर्ज रिजेक्ट नाही झाला बाप्पा, परमिशन, म्हणजे फाइल कोण पाहू अन् बदलू शकतं ते ठरवणारा आकडा, चुकली आहे. होम डिरेक्टरीला (लॉगिन केल्यावरचा तुमचा मुख्य फोल्डर) 711, फोल्डरला 755, फाइलला 644. 777 देऊ नका, मित्रानं सांगितलं तरी नाही, त्यानं त्याच सर्व्हरवरचा दुसरा कोणीही तुमची फाइल बदलू शकतो. "404" आला तर नाव तपासा. सर्व्हर लिनक्सचा आहे, त्याला कॅपिटल आयवाली इंडेक्स (पेज उघडलं की पहिली दिसणारी फाइल) अन् स्मॉल आयवाली इंडेक्स या दोन वेगळ्या फाइली.

अन् इंडेक्स फाइल आधी टाका. ती नसेल अन् लिस्टिंग चालू असेल, तर फोल्डरातल्या सगळ्या फाइलींची यादीच उघडी दिसते. एकानं बायोडाटासोबत आधार कार्डाचं स्कॅनही तिथंच ठेवलं होतं, अन् ते गुगलवर त्याच्याच नावानं सापडलं. आम्ही काढलं, पण सर्चमधून जायला बरेच दिवस लागले.

पास आउट होणाऱ्यांनी नो ड्यूजवर सही घ्यायच्या आधी पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. सही झाली की अकाउंट बंद, अन् मग माझ्याकडं येऊनही काही होत नाही.