बाळ पिवळं दिसलं, पण कितव्या दिवशी?

मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळतं. तो डाग आधी काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. तांबड्या पेशी मोडल्या की त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं. नवजात बाळाच्या अंगावरचा पिवळेपणाही याच बिलिरुबिनचा, फक्त तो अंगभर असतो.

पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहा पहिल्या आठवड्यात अशी पिवळी पडतात, अपुऱ्या दिवसांच्या दहांतली आठ. मोठ्या माणसाला कावीळ झाली की यकृत बिघडलं, असं आपण धरून चालतो. बाळाचं यकृत बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, नवखं असतं.

पोटात असताना बाळाचं बिलिरुबिन वारेतून आईकडे जातं आणि आईचं यकृत ते निस्तरतं. नाळ कापली की ही सोय बंद. बिलिरुबिन पाण्यात विरघळेल असं करणारं एन्झाइम बाळाच्या यकृतात असतं, पण सुरुवातीला अगदी नावापुरतं. काम मात्र ढीगभर! बाळ तांबड्या पेशींचा भरपूर साठा घेऊन जन्मतं आणि मोठ्यांच्या पेशी 120 दिवस टिकतात, तिथे याच्या 70 ते 90 दिवसांतच मोडतात. त्यात पहिली काळी, चिकट शी आतड्यात रेंगाळली तर तिच्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. दूध वारंवार पोटात गेलं की ही शी लवकर बाहेर पडते, म्हणून दिवसातून 8 ते 12 वेळा अंगावर पाजायला सांगतात. वरून पाणी पाजून कावीळ उतरत नाही, उलट तेवढं दूध कमी जातं.

साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ मात्र साधी धरायचीच नाही. आई-बाळाचे रक्तगट न जुळल्यामुळे पेशी भराभर मोडत असण्याची शक्यता असते, तपासणी त्याच दिवशी हवी.

उजेडात बाळाच्या कपाळावर बोट हलकेच दाबून उचललं की क्षणभर खालचा पिवळा रंग दिसतो. रंग चेहऱ्यावरून खाली पोटाकडे, पायांकडे सरकतो. सावळ्या बाळांत डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. तरी नजरेचा अंदाज फसतो, आकडा कातडीवर टेकवायच्या यंत्राने किंवा रक्त तपासूनच कळतो. बिलिरुबिन फार चढलं तर मेंदूत शिरतं आणि ऐकणं, हालचाल यांवर कायमचा घाला घालू शकतं. बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, किंचाळल्यासारखं रडू लागलं, अंग मागे ताणू लागलं, तर सकाळची वाट पाहू नये.

आजचा हमखास उपचार म्हणजे निळा दिवा, आणि त्याचं मूळ एका परिचारिकेच्या सवयीत आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात नेत. 1956 मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट, पण कापडाच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोणी तुकडा तेवढा गडद पिवळा! पुढे खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन घटलेलं आढळलं. 1958 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो आणि मग तो यकृतातल्या त्या एन्झाइमच्या मदतीवाचून पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतो. यासाठी 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो. त्यात अतिनील किरण नसतात, तरी डोळ्यांवर पट्टी बांधतातच. मग घरी उन्हात का धरू नये? उन्हाची मात्रा मोजता येत नाही, कोवळी कातडी भाजते, आणि खरी गरज असलेलं बाळ दवाखान्यात उशिरा पोहोचतं. माझ्या मते या शेवटच्या कारणापुढे पहिली दोन किरकोळ आहेत.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला तर पुष्कळदा तो अंगावरच्या दुधामुळे लांबलेला असतो आणि निरुपद्रवी असतो. तरी तपासणी करून घ्यावी आणि दुपटं नीट बघावं. शी खडूसारखी पांढरट आणि लघवीचा गडद पिवळा डाग पडत असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ 60 दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते.