राजदूत होण्याआधीची पन्नास वर्षं

बार्बाडोसच्या पाच डॉलरच्या नोटेवरचा चेहरा आपल्याकडचा कुठलाही क्रिकेटवेडा ओळखेल. तो फ्रँक वॉरेल आहे. 1962 साली ब्रिजटाउनला ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेल्यांत वॉरेल होता, हे जुन्या मंडळींना सांगावं लागत नाही. दहाच्या नोटेवर चार्ल्स डंकन ओनील, पेशाने डॉक्टर आणि स्वभावाने बंडखोर. पन्नासच्या नोटेवर एरॉल बॅरो, देशाचे पहिले पंतप्रधान. दहाच्या नोटेवरचे मामा आणि पन्नासच्या नोटेवरचा धाकटा भाऊ, असं नातं जिचं होतं ती बाई म्हणजे डेम रूथ नीटा बॅरो. संयुक्त राष्ट्रांत बार्बाडोसच्या राजदूत आणि नंतर देशाच्या पहिल्या महिला गव्हर्नर जनरल, म्हणजे ब्रिटिश राणीच्या तिथल्या प्रतिनिधी.

त्यांच्या राजनैतिक कारकिर्दीचा हिशेब मांडला तर तो जेमतेम चार वर्षांचा, 1986 ते 1990. राजदूत झाल्या तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. त्याआधीची पन्नास वर्षं वॉर्डात, नर्सिंगच्या शाळांत आणि जिनिव्हातल्या एका छोट्या ऑफिसात गेलेली. त्या पन्नास वर्षांशिवाय पुढची चार कळत नाहीत, म्हणून इथे पाल्हाळ त्यांचंच जास्त आहे.

बार्बाडोस म्हणजे सुमारे 430 चौरस किलोमीटरचं बेट. मुंबई महानगरपालिकेची हद्द साधारण तेवढीच. सगळीकडे ऊस, मळे गोऱ्यांचे, राबणारे काळे. नीटा यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1916 चा, बेटाच्या उत्तर टोकाच्या सेंट लूसी भागातला. वडील रेजिनाल्ड बॅरो पाद्री होते, पण गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. सेंट क्रॉय या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर असताना मजुरांची बाजू घेतली, वर्तमानपत्रातून सरकारवर टीका केली, आणि 1922 साली तिथून हद्दपार झाले. इकडे मामा ओनील यांनी 1924 मध्ये बार्बाडोसात डेमोक्रॅटिक लीग काढली. थोडक्यात, या घरात राजकारण जेवणाच्या ताटावरच चालायचं. अशा घरातली मुलगी नर्स व्हायला निघाली.

1935 साली त्या बार्बाडोस जनरल हॉस्पिटलात शिकाऊ नर्स म्हणून दाखल झाल्या. वसाहतीतल्या हॉस्पिटलांची रीत ठरलेली होती: मेट्रन गोरी, विलायतेहून आलेली; हाताखालच्या पोरी स्थानिक, काळ्या. काम सगळं त्यांनी करायचं आणि वर चढायची शिडी मात्र अर्ध्यावर तोडलेली. त्या शिकत असतानाच, जुलै 1937 मध्ये ब्रिजटाउनला दंगल पेटली. मजुरी, भूक आणि क्लेमंट पेन या कामगार पुढाऱ्याची हद्दपारी, ही कारणं. गोळीबारात 14 माणसं गेली. कॅरिबियनमधल्या त्या दशकातल्या सगळ्याच उठावांनी ब्रिटिशांना हे कबूल करायला लावलं की या बेटांवर घरं, पाणी आणि आरोग्य यांची अवस्था लाजिरवाणी आहे. सार्वजनिक आरोग्याला पैसे आणि माणसं मिळू लागली ती त्यानंतर. नीटा बॅरो यांच्या पिढीच्या नर्सना दार उघडलं ते याच धक्क्याने.

छोट्या बेटावरच्या माणसाला काहीही पुढचं शिकायचं तर बोट धरावी लागते. नीटा सुईणपण शिकायला त्रिनिदादला गेल्या. रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा टोरंटो विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या, आणि परतल्या त्या बार्बाडोसला नाही, जमैकाला, नर्सना शिकवायला. पुढे एडिंबराला आणखी शिक्षण. 1954 मध्ये जमैकाच्या मोना इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या त्या मेट्रन झाल्या. वेस्ट इंडीजमधली बाई त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होती. दोन वर्षांनी जमैका सरकारच्या मुख्य नर्सिंग अधिकारी.

1958 साली या इंग्रजी बोलणाऱ्या बेटांनी एकत्र येऊन वेस्ट इंडीज फेडरेशन स्थापन केलं आणि चार वर्षांत ते मोडलं. जमैकाने अंग काढून घेतलं, मग त्रिनिदादने. पुढाऱ्यांना एक झेंडा सांभाळता आला नाही. नर्सचं जग मात्र आधीपासून एक होतं: शिकायचं एका बेटावर, नोकरी दुसऱ्यावर, परीक्षक तिसऱ्यावरून येणार. 1964 पासून नीटा बॅरो पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेच्या सल्लागार म्हणून बेटाबेटांवर नर्सिंगचं शिक्षण तपासत फिरल्या. प्रत्येक ठिकाणचा आरोग्यमंत्री, प्रत्येक ठिकाणची मेट्रन, प्रत्येकाचा मानापमान. याला कुणी मुत्सद्देगिरी म्हणत नव्हतं, पण माझ्या मते त्यांचं परराष्ट्र खात्यातलं प्रशिक्षण हेच.

नंतर जिनिव्हा. हा टप्पा मराठी वाचकाने जरा थांबून वाचावा असा आहे.

जागतिक चर्च परिषदेचं ख्रिश्चन मेडिकल कमिशन 1968 साली सुरू झालं. माणसं मोजकी, काम अवघड. आशिया-आफ्रिकेतली मिशन हॉस्पिटलं दारात येईल त्याला बरं करत होती आणि तोच माणूस सहा महिन्यांनी त्याच आजाराने परत येत होता, कारण गावातलं पाणी तेच, पोटातली भूक तीच. पैसा इमारतींवर जातोय, आजार गावात राहतोय, हे मिशनरी संस्थांना तोंडावर सांगायचं कमिशनने ठरवलं. नीटा बॅरो तिथे 1971 मध्ये सहसंचालक म्हणून आल्या, 1975 मध्ये संचालक झाल्या.

कमिशनने जगापुढे आणलेल्या प्रयोगांत ग्वाटेमालाचा एक होता, इंडोनेशियाचा एक होता आणि तिसरा होता आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथल्या दुष्काळी भागात काम सुरू केलं. त्यांनी जे केलं ते आज साधं वाटतं. गावानेच निवडलेली एक बाई, बहुतेक वेळा निरक्षर, अनेकदा दलित वस्तीतली, तिला शिकवायचं. मूल हगवणीने सुकलं तर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर किती घालायची, बाळंतपणाआधी हात आणि पातं कसं स्वच्छ करायचं, कुठली पोटुशी बाई वेळ न घालवता दवाखान्यात न्यायची. डॉक्टरकीतलं जे गावात करता येण्यासारखं आहे ते गावाच्या हातात द्यायचं. शिकलेल्या डॉक्टर मंडळींना हे रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मेट्रनची खुर्ची काळ्या नर्सला मिळायला 1954 उजाडावं लागलं, हे जिने अंगावर घेतलं होतं तिला जामखेडची गोष्ट पटवून द्यावी लागली नसणार. कौशल्य कुणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न ब्रिजटाउनच्या वॉर्डात आणि जामखेडच्या वस्तीत एकच होता.

जिनिव्हातच जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालय. 1973 मध्ये तिथे हाफडान माहलर महासंचालक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी कमिशन आणि संघटना यांच्या औपचारिक बैठका सुरू झाल्या. त्या बोलण्यांत नीटा बॅरो होत्या. 1975 साली संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यप्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर 1978 मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा इथे जगातल्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला: 2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य. ते साल आलं आणि गेलं, हा भाग निराळा. याचं श्रेय एकट्या नीटा यांना देणं चूक ठरेल. माहलर होते, आरोळे दांपत्यासारखे लोक होते. पण जिनिव्हातल्या त्या बोलण्यांच्या टेबलावर ज्या थोड्या नर्स पोचल्या, त्यांतल्या त्या एक.

याच काळात त्या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती तरुणींच्या संघटनेच्या जागतिक अध्यक्षही होत्या (1975 ते 1983). ही ओळख नैरोबीत उपयोगी पडली. जुलै 1985 मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांची तिसरी जागतिक महिला परिषद भरली. तिच्या जोडीने विद्यापीठाच्या आवारात स्वयंसेवी संस्थांचा मेळावा, फोरम 85, भरला आणि त्याच्या संयोजक नीटा बॅरो होत्या. पाच वर्षांपूर्वी कोपनहेगनला पॅलेस्टाइन-इस्रायलवरून इतकी फाटाफूट झाली होती की पुन्हा असा मेळावा घ्यावा की नाही अशी कुजबुज होती. नैरोबीत तेरा-चौदा हजार बायका उतरल्या. हॉटेलच्या खोल्या सरकारी प्रतिनिधींना हव्यात म्हणून या बायकांनी त्या सोडाव्यात असं दडपण आलं. भांडणाऱ्यांसाठी हिरवळीवर एक शांततेचा तंबू उभारला गेला, ज्यात शत्रू देशांच्या बायका समोरासमोर बसून भांडल्या. देवकी जैन आणि इतरांनी आदल्या वर्षी बंगळूरला सुरू केलेलं डॉन हे तिसऱ्या जगातल्या स्त्रियांचं जाळं जगासमोर आलं ते इथेच. मेळावा फुटला नाही.

त्या वर्षअखेर दक्षिण आफ्रिका. ऑक्टोबर 1985 मध्ये नासाऊला राष्ट्रकुलाची बैठक झाली. वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घालायला मार्गारेट थॅचर तयार नव्हत्या. तोडगा म्हणून सात मान्यवरांचा गट प्रिटोरियाला पाठवायचं ठरलं. ऑस्ट्रेलियाचे माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे ओबासांजो हे सहअध्यक्ष, भारतातर्फे सरदार स्वर्णसिंग, आणि सातांत एकच बाई, नीटा बॅरो. ही मंडळी 1986 च्या मार्च आणि मे महिन्यांत पोल्समूर तुरुंगात मंडेलांना भेटली. मंडेलांनी फ्रेझरना डॉन ब्रॅडमन अजून हयात आहेत का असं विचारलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नीटा यांची गोष्ट कमी प्रसिद्ध आहे. सरकार दाखवेल तेवढंच बघायचं नाही म्हणून त्या स्थानिक बायकांसारखा पोशाख करून, डोक्याला फडकं गुंडाळून, पोलिसांच्या नजरेआडून जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीत शिरल्या, असं सांगितलं जातं. फेब्रुवारीतच त्या वस्तीत रक्तपात झालेला होता. सातातल्या बाकी सहांना ही युक्ती जमणारी नव्हती.

गटाने सुचवलेली चौकट अशी होती: मंडेलांना सोडा, त्यांच्या पक्षावरची बंदी उठवा, दोन्ही बाजूंनी हिंसा थांबवा, बोलणी सुरू करा. 19 मे रोजी, गट तिथेच असताना, दक्षिण आफ्रिकेच्या फौजेने झिंबाब्वे, झांबिया आणि बोट्सवानाच्या राजधान्यांवर हल्ले केले. गट परत फिरला. चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष द क्लर्क यांनी मंडेलांना सोडलं, बंदी उठवली, तेव्हा मार्ग बराचसा तोच होता.

त्याच मे महिन्यात बार्बाडोसात निवडणूक झाली आणि एरॉल बॅरो पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांनी बहिणीला संयुक्त राष्ट्रांत पाठवलं. भावाने बहिणीला नेमलं, हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण त्या दिवशी बार्बाडोसात दुसऱ्या कुणाकडे नैरोबी, पोल्समूर आणि आल्मा-आटा यांची शिदोरी होती, असा उलट प्रश्नही विचारता येतो. एरॉल यांनी 1966 च्या डिसेंबरात, देश आमसभेत दाखल झाला तेव्हा, बार्बाडोस सगळ्यांचा मित्र राहील, कुणाचा उपग्रह होणार नाही असं सांगितलं होतं. 1983 मध्ये मात्र तेव्हाच्या सरकारने ग्रेनाडावरच्या अमेरिकन स्वारीला साथ दिली. एरॉल विरोधी बाकांवरून तिच्यावर टीका करत राहिले. ते जुनं वाक्य पुन्हा खरं करून दाखवायचं काम बहिणीकडे आलं. वर्षभरात, 1 जून 1987 ला, भाऊ गेला. नीटा पदावर राहिल्या.

1988 मध्ये आमसभेचं अध्यक्षपद लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन गटाकडे फिरून आलं. एरवी गट आपसांत एक नाव ठरवतो. या वेळी ठरलं नाही. स्पॅनिश बोलणारे मोठे देश अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री दान्ते कापुतो यांच्यामागे, इंग्रजी बोलणारी बेटं नीटा यांच्यामागे. मतदान झालं आणि कापुतो निवडून आले. इंग्रजी कॅरिबियनला ती खुर्ची पहिल्यांदा मिळाली ती 1993 मध्ये, गयानाच्या रूडी इन्सनाली यांच्या रूपाने.

नीटा जिंकत्या तर त्या खुर्चीवरची ती तिसरी बाई ठरली असती. पहिल्या विजयालक्ष्मी पंडित, 1953 मध्ये. दुसऱ्या लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स, 1969 मध्ये. तिसरी यायला 2006 उजाडलं, आणि ती आली तीही बेटावरूनच: बहरीनच्या हया राशेद अल खलिफा. ऐंशी अधिवेशनांत बायका पाच. पंडित आणि बॅरो यांच्यातलं साम्य मात्र चक्रावून टाकतं. दोघी आपापल्या देशाच्या पहिल्या पंतप्रधानाच्या बहिणी. दोघींचं दक्षिण आफ्रिकेच्या वंशभेदाशी सरळ वैर. पंडितांनी तर 1946 मध्येच तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत लावून धरला होता. आणि दोघी नंतर राजभवनात. पंडित 1962 मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, बॅरो जून 1990 मध्ये बार्बाडोसच्या गव्हर्नर जनरल. फरक एवढाच की पंडित राजकारणातून तिथे पोचल्या, बॅरो बेडपॅनपासून सुरुवात करून.

गव्हर्नर जनरल हे पद म्हणजे फीत कापणं आणि सही करणं, असा समज आहे. 1994 मध्ये ही सही जड होती. जूनमध्ये पंतप्रधान सँडिफर्ड अविश्वास ठरावात हरले आणि त्यांच्या सल्ल्यावरून नीटा यांनी संसद विसर्जित केली. सँडिफर्ड भावाच्याच पक्षाचे. सप्टेंबरात तो पक्ष हरला आणि विरोधी पक्षाचे ओवेन आर्थर पंतप्रधान झाले. त्याच वर्षी, एप्रिल-मे महिन्यांत, छोट्या बेट-राष्ट्रांच्या शाश्वत विकासावर संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक परिषद ब्रिजटाउनला भरली होती. समुद्राची पातळी वाढली तर आमचं काय, हा प्रश्न यजमान म्हणून मांडण्याची पाळी अखेर बार्बाडोसवर आली, आणि तेव्हा देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर एक निवृत्त मेट्रन बसलेली होती.

पदावर असतानाच, 19 डिसेंबर 1995 ला, त्या गेल्या. त्या खुर्चीवर पुढची बाई बसली ती 2018 मध्ये, सँड्रा मेसन. 30 नोव्हेंबर 2021 ला बार्बाडोसने ब्रिटिश राणीला निरोप दिला तेव्हा मेसन यांनीच देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली.