देवाला सारे ठाऊक असताना मागायचे कशाला? ख्रिस्ती प्रार्थनेची पार्श्वभूमी

ख्रिस्ती प्रार्थनेविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न टीकाकारांनी नव्हे, तर खुद्द येशूच्या शिकवणीनेच उभा केला आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सहाव्या अध्यायात तो शिष्यांना बजावतो, की पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजून बडबड करू नका, कारण तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. आणि लगेच पुढच्याच ओळीपासून तो त्यांना मागायला शिकवतो. गरज आधीच ठाऊक असेल तर ती सांगण्याचे प्रयोजन काय, या कोड्याभोवती ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास बराचसा फिरत राहिला आहे.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या शब्दांनी सुरू होणाऱ्या, प्रभूची प्रार्थना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मजकुराची रचना पाहिली तर उत्तराची दिशा थोडी दिसते. पहिल्या तीन विनंत्या देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयी आहेत. माणसाच्या गरजेची पाळी त्यानंतर येते, आणि तिथेही ऐहिक म्हणावी अशी मागणी रोजच्या भाकरीची, तीही आजच्यापुरती. शिवाय सारे अनेकवचनी आहे: एकट्याने म्हणतानाही 'आमची भाकर' असेच म्हणावे लागते. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशू स्वतः विनवणी करतो आणि त्याच दमात 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असे म्हणतो. तो प्याला टळला नाही, त्याला क्रूसावर मरावे लागले, हे प्रार्थनेच्या फळाविषयी बोलताना अनेकदा सोयीस्करपणे विसरले जाते.

दिवसातून ठरावीक वेळी प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती लोकांकडे यहुदी परंपरेतून आली. 'दिदाखे' या अतिप्राचीन शिकवणग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. मूळ कोड्याला मात्र विचारवंतांनी पुढे हात घातला. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने प्रार्थनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिताना सर्वज्ञ देवाकडे मागण्यात अर्थ काय, हा आक्षेप आरंभीच विचारात घेतला. त्याहून नेमके उत्तर ऑगस्टीन या आफ्रिकेतील बिशपचे आहे. 410 मध्ये रोम लुटले गेल्यानंतर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा नावाच्या श्रीमंत विधवेने प्रार्थना कशी करावी असे त्याला विचारले होते. त्याने पत्रातून कळवले ते असे, की आपले शब्द देवाला माहिती पुरवण्यासाठी नसतात. तो जे द्यायला तयार आहे ते घेण्याइतकी आपली ओढ वाढावी, यासाठी ते असतात. त्याच पत्रात इजिप्तमधील साधू बाण सोडावा तशा अगदी छोट्या प्रार्थना वारंवार करतात, असाही उल्लेख आहे. मला हे उत्तर आजही सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात देवाला पटवण्याचा आव नाही.

सहाव्या शतकात बेनेडिक्ट या मठसंस्थापकाच्या नियमावलीने मठातील दिवस प्रार्थनेच्या प्रहरांत बांधला आणि बायबलमधील दीडशे स्तोत्रे आठवड्यात पूर्ण होतील अशी व्यवस्था लावली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी स्तोत्रांच्या जागी मण्यांवर मोजलेल्या प्रार्थना आल्या, आणि त्या वळणावर पुढे रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, घडली. पाठ केलेले शब्द यांत्रिक होतात हा धोका सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांना, म्हणजे ज्यांच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ निघाले त्यांना, विशेष जाणवला. 1535 मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पेटर नावाच्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. न्हावी गप्पांत रमून वस्तऱ्यावरचे लक्ष उडू देईल तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, तेव्हा प्रार्थनेतही तसेच अवधान हवे, असे त्याने त्याला समजावले. तरी ठरलेले शब्द त्याने टाकून दिले नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेची एकेक विनंती घेऊन तिच्यावर मन थांबवावे, ही त्याची पद्धत होती.

आपल्याकडे ही परंपरा पोहोचली तेव्हा तिला आपले छंद मिळायला वेळ लागला नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेले जेज्विट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मात्र लॅटिनमध्येच राहिली. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषांना वाट मोकळी करून दिल्यानंतरच ती वेदीवरून मराठीत ऐकू येऊ लागली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांच्या पदांत मागणे थोडे आणि भेटीची आस फार, म्हणजे ते ऑगस्टीनच्या जवळचे.

पंडिता रमाबाईंचा कल वेगळा होता. ब्रिस्टलमध्ये कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचा आदर्श त्यांच्यासमोर होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींच्या पोटाचा प्रश्न असल्याने तिथे 'रोजची भाकर' शब्दशः मागितली जाई. मागणे आणि राबणे यांत त्यांना विरोध दिसला नाही: विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. 1905 मध्ये तिथे धार्मिक जागृतीची लाट आली आणि मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. शिस्तशीर उपासनेची सवय असलेल्या काही मिशनऱ्यांना तो प्रकार रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना आवरले नाही. भारतीय ख्रिस्ती माणसांनी आपल्या स्वभावाला आणि भावनेला साजेल अशीच प्रार्थना करावी, त्यांच्यावर पाश्चात्त्य रीत लादू नये, अशी भूमिका त्यांनी उघडपणे मांडली.