एकच शीत असेल तर?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यात बाकीचा भात शिल्लक असतो. शीत एकच असेल तर चाखलं की संपलं. प्रकाशाच्या कणाचं, फोटॉनचं, नेमकं असंच आहे. डोळा असो की मोबाइलचा कॅमेरा, फोटॉन 'दिसला' म्हणजे तो गिळला गेला.

पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमधल्या सर्ज अरोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एकच फोटॉन न गिळता पुन्हा पुन्हा पाहिला. २०१२ च्या नोबेलमागे, जे अरोश यांना डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत मिळालं, याच धाटणीचं काम होतं.

आधी फोटॉनला डांबून ठेवायला कोठडी हवी. ती म्हणजे समोरासमोर ठेवलेले तांब्याचे दोन आरसे, त्यांच्यावर नायोबियमचा थर, मध्ये अंतर २.७ सेंटिमीटर. तापमान ०.८ केल्विन, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास; इतक्या थंडीत नायोबियम हा धातू अतिवाहक होतो, म्हणजे विजेला अडथळा करत नाही. फोटॉन मायक्रोवेव्हचा. घरच्या ओव्हनमधल्या लहरींची लांबी १२ सेंटिमीटर, इथली जेमतेम ६ मिलिमीटर. या कोठडीत तो सरासरी ०.१३ सेकंद टिकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात आरशांवर शंभर कोटींहून जास्त वेळा आपटून त्याची पृथ्वीप्रदक्षिणेएवढी धाव होते!

आता खबरे. रुबिडियमचे अणू एकेक करून कोठडीतून सोडतात. लेझर आणि रेडिओलहरींनी त्यांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ५० व्या पातळीपर्यंत चढवलेला असतो, त्यामुळे अणू नेहमीच्या हजारपट फुगतो आणि मायक्रोवेव्हच्या बाबतीत भलताच हळवा होतो. मग तो फोटॉन गिळत कसा नाही? कारण कोठडीची वारंवारता अणूच्या सुरापासून मुद्दाम किंचित हलवलेली असते. फोटॉन घेणं त्याला जमत नाही, पण त्याची चाहूल लागते.

ही चाहूल टिपण्याची युक्ती मला सगळ्यात आवडते. कोठडीत शिरण्याआधी अणूला एक मायक्रोवेव्ह टिचकी मारतात. त्याने तो ५० आणि ५१ या दोन्ही पातळ्यांच्या मिश्र अवस्थेत जातो आणि त्याच्यात घड्याळासारखा एक काटा फिरू लागतो. आत फोटॉन असेल तर काटा अर्धा फेरा सरकतो. बाहेर पडताना दुसरी टिचकी. त्यानंतर अणू ५१ वर सापडला तर फोटॉन आहे, ५० वर सापडला तर कोठडी रिकामी. अधूनमधून एखादा खबरी चुकतो, पण पाठोपाठ शेकडो येत असल्याने बिघडत नाही.

फोटॉन मुद्दाम आत सोडायचीही गरज पडली नाही. एवढ्या थंडीतही उरलेल्या उष्णतेतून एखादा चुकार फोटॉन आपसूक जन्मतो. नोंदीत बराच वेळ ५०, ५०, ५० येतं आणि मग अचानक ५१ ची रांग लागते. एका फोटॉनने तर जवळजवळ अर्धा सेकंद तग धरला. अनेक नोंदींची सरासरी काढली तर प्रकाश हळूहळू विरत गेल्यासारखा दिसतो. एकेका नोंदीत मात्र विरणं कुठेच नाही: ५१, ५१, ५१, आणि पुढचा अणू ५० वर.