पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात जात नाही: खासगी कारच्या रीपासिंगची माहिती

आमच्या आळीतल्या एका काकांनी चांगली चालती कार कवडीमोलाने देऊन टाकली. आरसीवरची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरची, पंधरा वर्षं भरत आली होती आणि कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं की, आता ही गाडी भंगारातच जाणार. ऐकून फार वाईट वाटलं. त्यानंतर आमच्या बाबांच्या २०१० सालच्या वॅगन आरचं पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, मी स्वतः करून आणलं, तेव्हा जे कळलं ते इथे सांगतो.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर खासगी कार वापरायला बंदी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि गाडी तपासणीत ठीक निघाली की ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पुढे पुन्हा तपासणी, पुन्हा ५ वर्षं. लोकांचा गोंधळ होतो तो दोन गोष्टींमुळे. १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध हे दिल्ली आणि एनसीआरसाठी (दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्रासाठी) आले. आणि १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपली ती सरकारी मालकीच्या गाड्यांची. तुमच्या दारातल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही.

टॅक्सी, टेम्पो, रिक्षा यांचं गणित वेगळं. त्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. इथे मी फक्त खासगी, पांढऱ्या पाटीच्या कारबद्दल लिहितो आहे.

अर्ज नमुना २५ मध्ये करायचा असतो, आणि मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून तो करता येतो. हे दोन महिने वाया घालवू नका. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये आणि दुचाकीला ३०० रुपये जादा भरावे लागतात. त्याहून मोठा धोका रस्त्यावर आहे. नोंदणी संपलेली गाडी चालवताना सापडलात तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विम्याचंही तसंच. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या चोरीचा दावा विमा कंपनीने नाकारला होता, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरवला. विम्याचा हप्ता वेळेवर भरला म्हणून निश्चिंत राहू नका, आरसीची तारीखही बघा.

कागदांमध्ये मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र), आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, पॅन (पॅन नसेल तर नमुना ६०) आणि चेसिस नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा) पेन्सिल छाप लागतो. गाडीवर कर्ज होतं आणि ते फिटलं असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत, अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, नाहीतर मूळ मालकाच्या ओटीपीपाशीच सगळं अडतं. जुनी ई-चलनं भरून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या.

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पंधरा वर्षांपूर्वी दिलेला नंबर आज कुणाकडे चालू असतो? आमच्या बाबांचा तर कधीच बंद पडला होता. म्हणून पहिलं काम मोबाइल नंबर बदलण्याचं. फी १५ ते २० वर्षांच्या कारला ५,००० रुपये आहे. २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर ५ वर्षांसाठी एकदम भरावा लागतो. पैसे भरले की तपासणीची वेळ घ्या आणि अर्ज व पावतीची प्रिंट काढून ठेवा.

आता तपासणी. आरटीओत मोटार वाहन निरीक्षक सगळ्यात आधी गाडीची ओळख पटवतो, म्हणजे चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवतो. कोकणातल्या गाड्यांचा खरा कस इथेच लागतो. आमच्या गाडीचा चेसिस नंबर बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर कोरलेला आहे. खाऱ्या हवेने त्यावर तांबूस पापुद्रा धरला होता आणि शेवटून तिसरा आकडा ३ की ८, तेच कळेना. मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा तासभर दाबून ठेवला, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं, कोरडं केलं आणि पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवली. हळूहळू ८ उमटला. तिथे पॉलिश पेपर अजिबात मारू नका. आकडे घासले गेले तर नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो, आणि मग ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

आरसीवर जे लिहिलं आहे तेच गाडीवर दिसलं पाहिजे. रंग बदलला असेल, सीएनजी किट नंतर बसवलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र सोबत न्या.

मग गाडीची तब्येत. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी लागत नाही, खाचांमध्ये बारीक आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढता कामा नये आणि हॅण्डब्रेकवर चढाला उभी राहिली पाहिजे. स्टिअरिंगला जास्त प्ले (ढिलेपणा) नको. हेडलाइटचा फोकस सेट हवा, बाहेरून टाकलेले डोळे दिपवणारे दिवे काढून मूळचे बसवा. इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्सचा दिवा, वायपर, आरसे, सीटबेल्ट हे सगळं चालू हवं. हॉर्न एकाच सुराचा. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, तेव्हा काळी फिल्म असेल तर घरीच उतरवा. पुढे लोखंडी बंपर गार्ड लावलं असेल तर तेही काढा.

फ्लोअरचा पत्रा मात्र स्वतः बघा. पायाखालची मॅट उचला आणि अंगठ्याने दाबा. पत्रा दबला तर वरच्या नव्या रंगाचा काही उपयोग नाही. अपघातात माणसाला सावरणारा सांगाडा तोच आहे, म्हणून इथे पैसे वाचवू नका. आम्ही ड्रायव्हरच्या बाजूचा वीतभर तुकडा कापून नवा वेल्ड करून घेतला.

पीयूसी काढायला इंजिन गरम असताना जा. बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी निकष) पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे, बीएस-४ ला ०.३ टक्के. आकडा वर जात असेल तर आधी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदला, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

काही कमी आढळलं तर निरीक्षक ते लिहून देतो. दुरुस्ती करून गाडी पुन्हा दाखवायची. आमचा उजवा हेडलाइट वर मारत होता. गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून घेतला, गाडी परत दाखवली आणि काम झालं.

नवी आरसी पोस्टाने घरी येते, त्यामुळे अर्जातला पत्ता नीट तपासा. कार्ड हातात आलं की नाव, इंजिन नंबर आणि वैधतेची तारीख तिथल्या तिथे वाचून घ्या. बाबांनी ते उजेडात धरून दोनदा वाचलं आणि मग किल्ली मागितली.